शहजाद टेकडी

मी बोलतेय ती नावडे गावाच्या मागची टेकडी. टेकड्यांना एरवी बोलायची घाई नसते. मला आहे. वैशाख सरत आलाय, वारा खाडीकडून वाहायला लागलाय आणि माझ्या माथ्यावरच्या भेगेवर अंथरलेली निळी ताडपत्री एका कोपऱ्यातून सुटलीय. म्हणून जे सांगायचं ते आताच सांगून टाकते.

मी काही मोठी नाही. धापा टाकत चढलात तरी चहा थंड व्हायच्या आत माथ्यावर पोचाल. अंगावर वरवर मुरूम, त्याखाली काळा कातळ. थोडा करंज, थोडी करवंदं, बाकी गवत. एका अंगाला तळोज्याचे कारखाने, दुसऱ्या अंगाला आधी भातखाचरं होती, आता कॉलनी आहे. मला नाव नव्हतं. गावातली माणसं नुसती 'डोंगरी' म्हणायची. कुणाची बकरी हरवली की, "डोंगरीवर बघा, गेली आसंल." तेवढ्यावर माझं भागत होतं.

माझ्या पायथ्याला लागूनच मकबूलची लाकडाची वखार होती. त्याचा बाप, आजा सगळे याच किनारपट्टीचे. शहजाद हा त्याचा थोरला, सना धाकटी. शहजादला मी पतंगाच्या मागे धावताना पाहिलं आणि पुढे, मिसरूड फुटल्यावर, फौजेत भरती व्हायचं म्हणून धावतानाही पाहिलं. तो सकाळी पाठीला वाळूची पिशवी बांधून माझ्या अंगावरून वर-खाली करायचा. खाली दगडावर बसून सना मोबाइलमध्ये वेळ मोजायची.

"भाई, आज स्लो हायस तू."

"पिशवी तू घे, मी मोजतो."

माथ्यावर पोचला की त्याला उलटी व्हायची. मग तो गवतात आडवा पडायचा आणि स्वतःशीच हसायचा. माणसं इतक्या कष्टाने वर येतात आणि वर आल्यावर काहीच करत नाहीत, नुसती बघत राहतात, याचं मला नेहमी नवल वाटायचं.

तो भरती झाला. सुट्टीवर आला की पिशवी घरात टाकून आधी माझ्याकडे यायचा. शेवटच्या सुट्टीत त्याने आईला हाताला धरून वर आणलं. रहिमा इतकी वर्षं माझ्या पायथ्याशी राहिली, पण कधी वर आली नव्हती. वखारीच्या मागच्या दारातून जेवढी दिसायचे, तेवढीच मी तिला ठाऊक. वर येऊन तिने सगळं पाहिलं. मशिदीचा मिनार, आपल्या घराचा पत्रा, लांबवर खाडीची चमक.

"आमची चौकी लय उंच हाय अम्मी," तो म्हणाला. "तिथे झाड नाय. माती पण दिसत नाय, नुसता बर्फ."

"मग कशाला राहतात तिथे?"

"कोणीतरी राहायला पाहिजे ना."

तिने पदराने त्याच्या मानेवरचा घाम पुसला. तो मोठा झाला होता, तरी त्याने पुसू दिला.

त्या थंडीत तो गेला. उत्तरेकडच्या त्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. शहजाद बाहेर पडला होता. तंबूखाली अडकलेल्या दोघांना काढायला तो परत आत गेला. एकाला त्याने ढकलून बाहेर काढलं, तेवढ्यात वरून दुसरा लोट आला. हे मी वखारीच्या अंगणातून ऐकलं. त्याचा एक सोबती मकबूलला सांगत होता आणि मकबूल हातातल्या फळीवरून तळवा फिरवत उभा होता, जणू ती गुळगुळीत झालीय की नाही तेवढंच त्याला बघायचं होतं.

पेटी आली. सगळा गाव, सगळी कॉलनी रस्त्यावर उभी राहिली. त्याला गावच्या कबरस्तानात ठेवलं. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मकबूल जाऊन यायचा. रहिमा कुठे जाणार? एका जुम्म्याला ती मागच्या दारातून निघाली आणि एकटी माझ्याकडे आली. कुठे बसून, कुठे गवत धरून, ती माथ्यावर पोचली. तो तिला जिथे घेऊन आला होता, तिथेच करंजाखाली बसली. मग दर जुम्म्याला येऊ लागली. ती रडायची नाही. हळू आवाजात त्याच्याशी बोलायची. घरात काय शिजवलं, सनाला कोपरखैरण्याला औषधांच्या दुकानात नोकरी लागली, अब्बांचा गुडघा दुखतो. मी तिचं सगळं ऐकायचे.

मला नाव मिळालं ते सुधीरमुळे. सुधीर पायथ्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मूळचा कराडकडचा, कारखान्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस. एके दिवशी तो वखारीत आला.

"मकबूलभाई, आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो. गेलेल्याचं नाव गावात राहिलं पाहिजे. या टेकडीला शहजादचं नाव देऊया. बाकीची धावपळ माझ्याकडे."

त्याने ती केली. महिनोन्‌महिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका सकाळी ढोल-ताशे आले, हार आले, माझ्या पायथ्याशी पाटी उभी राहिली. शहीद शहजाद टेकडी. मकबूलने पाटीवरून हात फिरवला, अगदी त्या दिवशी फळीवरून फिरवला होता तसा. मला खोटं बोलता येत नाही. मी फुलून गेले. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी नावाने हाक मारली होती, आणि तीही कुणाच्या नावाने! रिक्षावाले विचारू लागले, "शहजाद टेकडीला सोडू ना?" पोरी सांगू लागल्या, "आम्ही शहजाद टेकडीच्या मागे राहतो." रहिमाच्या कानावर ते पडलं की तिची चाल बदलायची.

सगळे तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण माणसांना एकदा प्रेम दाखवायची वाट सापडली की पुरे कुठे करायचं ते समजत नाही. नुसती पाटी कशी चालेल, स्मारक हवं. स्मारक म्हणजे चौक हवा, झेंडावंदनाला जागा हवी, गाड्या लावायला जागा हवी. आणि जागा होती ती सगळी माझ्या पायाची. खणायला पोकलेन आलं. मकबूलने स्वतः उभं राहून त्याच्यापुढे नारळ वाढवू दिला, सुधीरने पेढे वाटले. आणि त्यांनी माझा पाय कापला.

तुम्हाला टेकडी म्हणजे वर दिसणारा माथा वाटतो. पण टेकडी उभी असते ती पायावर. पायथ्याचा पसरट, आळशी दिसणारा उतार असतो ना, तोच वरचं सगळं ओझं आडवा हात लावून धरून असतो. त्यांनी तो उभा खणून काढला आणि तिथे भिंत बांधली. भिंतीसमोर फरशीचा चौक केला, मधोमध झेंड्याचा खांब. भिंतीवर स्टीलची मोठी अक्षरं लावली, रात्री उजळणारी. ज्या घळीतून माझं पाणी निथळून जायचं, ती आड येत होती म्हणून बुजवली. भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली होती. रंगकाम करणाऱ्यांनी त्यातली बरीचशी लिंपून टाकली, भिंत नीट दिसावी म्हणून.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. हीच गोष्ट मला अजून छळते. जो कापला गेला तो पाय, जी बुजवली ती घळ, सगळं त्या पोराच्या प्रेमापोटी झालं.

पहिला पावसाळा मी कसाबसा काढला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी मुरमातून खाली उतरलं, कातळावर येऊन थांबलं आणि बाहेर पडायला वाट शोधू लागलं. वाट नव्हती. ते माझ्या आत साठत गेलं. मुरूम आणि कातळ यांच्यामध्ये ते असं पसरलं की माझंच अर्धं अंग मला परकं वाटू लागलं. ते अंग खाली बघत होतं, चौकाकडे आणि चौकाला लागून असलेल्या सोसायटीच्या सी विंगकडे.

श्रावणातल्या एका जुम्म्याला रहिमा करंजाखाली बसायला गेली आणि तिची चप्पल जमिनीत अडकली. तिने खाली पाहिलं. गवतात एक लांब चीर पडली होती, करंजाच्या मागून दोन्ही बाजूंना गेलेली. पुढच्या खेपेला ती सनाला घेऊन आली. सनाने हातातली छत्री त्या चिरेत खुपसली. छत्री मुठीपर्यंत आत गेली. वर काढली तेव्हा टोकाला ओला, लालसर चिखल होता.

सना उठून मागे सरली. "अम्मी, इकडे ये. आधी या बाजूला ये."

तिने फोटो काढले, सुधीरला दाखवले. सुधीरने ताबडतोब कचेरीत कळवलं. दोन साहेब आले, छत्र्या धरून भेगेभोवती फिरले. वरवरची आहे, माती आकसते, काळजीचं कारण नाही, असं म्हणाले. त्यांच्या माणसांनी भेगेत सिमेंट ओतलं. चार दिवसांत सिमेंट जिथल्या तिथे राहिलं आणि माझं खालचं अंग त्याच्यापासून सुटून बोटभर पुढे सरकलं.

पंधरा ऑगस्ट जवळ येत होता. चौकात झेंडावंदन ठरलं होतं, शाळेची मुलं गाणी म्हणणार होती. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. वखारीच्या मागच्या दाराशी सना बापाशी बोलली, ते मी ऐकलं.

"अब्बा, या वर्षी तिथे नको. सोसायटीच्या हॉलमध्ये करू. भेग वाढलीय."

"साहेब बघून गेले ना?"

"त्यांनी फक्त बघितलं. मला टेन्शन येतंय."

"तुझ्या भावाचं नाव हाय त्या भिंतीवर." मकबूलचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आज आपणच बोलायचं की तिथे जाऊ नका? उद्या लोक काय बोलतील, शहजादची टेकडी कच्ची निघाली? त्याच्या नावाला मी डाग लावू?"

आत चुलीपाशी रहिमा होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी सुधीर झेंडा घेऊन आला तेव्हा चौकाच्या फाटकात प्लास्टिकची खुर्ची टाकून रहिमा बसली होती. फाटक तिने साखळी घालून बंद केलं होतं आणि स्वतः त्याच्यासमोर बसली होती. पाऊस भुरभुरत होता. डोक्यावर छत्री धरून सना तिच्या मागे उभी होती.

"भाभी, काय झालं?"

"इथे आज कोणी जायचं नाय, सुधीरभाऊ."

"अहो, मुलं निघाली असतील शाळेतून."

"म्हणूनच बसली मी."

सुधीर गोंधळला. तिला उठ म्हणायची त्याची छाती होईना. तेवढ्यात पांढरा कुर्ता, टोपी घालून मकबूल आला. माणसं जमू लागली होती. मकबूल बायकोच्या समोर उभा राहिला.

"रहिमा, घरी चल. तमाशा होतोय."

ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत बोलली. "त्याचा शेवटचा फोन आला होता ना, तुमी नमाजला गेले होते. मला बोलला, अम्मी, वरचा बर्फ वाजतो गं. कडकड करतो, जसा कोणी दात खातोय. मी घाबरली. तर बोलला, रोजच वाजतो, सवय झाली आमाला. मी काय बोलली माहीत हाय? सांभाळून राहा बोलली. जेवलास का बोलली. काल मी वर गेली होती. करंजाखाली कान लावला. वाजतंय, मकबूल. आतून वाजतंय. आज त्या पोरांना मी सांभाळून राहा बोलू आणि घरी जाऊन बसू?"

ती खरं सांगत होती. मी वाजत होते. माझ्या आत खडे एकमेकांवर सरकत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

मकबूल फाटकाच्या कट्ट्यावर, तिच्या खुर्चीशेजारी बसला. पांढऱ्या कुर्त्याला चिखल लागला, त्याचं त्याला भान नव्हतं.

"सुधीरभाऊ," तो म्हणाला, "पोरांना हॉलमध्ये न्या. मी येतो मागून."

झेंडावंदन हॉलच्या अंगणात झालं. आणि त्या दिवशी काहीही झालं नाही. उलट दुपारी लख्ख ऊन पडलं. भिंतीवरची अक्षरं चमकू लागली. येणारे-जाणारे हसले. आईच्या मनावर परिणाम झालाय बिचारीच्या, असं सी विंगच्या जिन्यात बायका बोलल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाटकाची साखळी तोडली आणि पोरं चौकात क्रिकेट खेळू लागली. रहिमा घरातून बाहेर पडेनाशी झाली. ते दिवस मला माझ्या ओझ्यापेक्षा जड गेले. तिला खरं ठरवायचं तर मला कोसळावं लागणार होतं.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, मी सुटले.

सगळी नाही. करंज आणि त्याच्या खालचा तुकडा. आधी भिंतीचं पोट फुगलं, मग ती मधोमध फाटली आणि मी तिच्यातून चौकात शिरले. झेंड्याचा खांब काडीसारखा वाकला. चौकात बसणाऱ्या पहारेकऱ्याची खुर्ची, त्याचा डबा, त्याचा रेडिओ माझ्याखाली गेला. तो स्वतः पाणी भरायला गेला होता म्हणून वाचला. पोरं शाळेत होती. माती सी विंगच्या तळमजल्याच्या खिडक्यांपर्यंत येऊन थांबली. थांबली, कारण तेवढीच सुटली होती.

मग गाड्या आल्या, कॅमेरे आले. सी विंग रिकामी केली. सुधीर चिखलात उभा राहून माणसं मोजत होता. जे हसले होते ते वखारीत येऊन रहिमाच्या पाया पडले.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. बातमीत लिहून आलं, शहजाद टेकडी कोसळली. मग बोलताना माणसांनी टेकडी हा शब्द गाळला. "शहजाद पडला तेव्हा मी घरीच होते." "शहजादचा अजून एक भाग लोंबकळतोय." "शहजाद कधी अंगावर येईल सांगता येत नाही." भाजीबाजारात रहिमा कोथिंबीर निवडत होती. शेजारची बाई आपल्या नातीला दटावत होती, "तिकडे खेळायला गेलीस ना, तर शहजाद येईल आणि गाडून टाकील." रहिमाने हातातली जुडी खाली ठेवली आणि रिकाम्या पिशवीने घरी आली. वखारीच्या दारात तिने हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा फुटला.

"दोघांना काढायला गेला होता तो. आता त्याच्या नावाने पोरांना भीती घालतात."

दुसऱ्या दिवशी मकबूल शिडी आणि पाना घेऊन आला. सुधीर मागोमाग धावत आला.

"मकबूलभाई, परवानगी..."

"नाव देताना माझ्या दारात आला होतात तुमी. काढताना मी कोणाच्या दारात जाऊ?"

सुधीरने शिडी धरली. उरलेल्या भिंतीवरची अक्षरं मकबूलने एकेक करून उतरवली. शेवटचं अक्षर निघेना. त्याचा पाना घसरत होता, गुडघा दुखत होता. मग सुधीर वर चढला आणि त्याने ते काढलं. दोघं फरशीवर बसले. कुणी कुणाला दोष दिला नाही. सुधीर एवढंच म्हणाला, "मी चांगलं करायला गेलो होतो हो." मकबूलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

रहिमा आता वर येत नाही. येऊ शकत नाही, करंजच राहिला नाही. जुम्म्याला ती रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहते. कोपरखैरण्याची नोकरी सोडून सनाने आता तिथे स्वतःचं छोटं दुकान टाकलंय. रहिमा माझ्याकडे बघते आणि माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलते. गाड्यांच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही. तिचं एकच ठिकाण होतं, ते माझ्याबरोबर खाली गेलं. आधीच सावध केलं म्हणून कुणी तिचा सत्कार केला नाही, ते बरंच झालं.

आणि मी? मी अजून उभी आहे, अर्धी. भेग करंजाच्या जागेवरून मागे सरकली आहे आणि आता पहिलीपेक्षा खोल आहे. घळ कुणी मोकळी केली नाही. हिवाळ्यात ऊन पडलं, माती वाळली, तशी माणसांची भीतीही वाळली. सी विंगची माणसं एकेक करून परत आली. काहींनी घरं भाड्याने दिली. भाडेकरूंना कुणी काही सांगितलं नाही. सना एकेका दाराशी जाऊन सांगून आली. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावून घेतलं. सुधीर अजून कचेरीत जातो. पावसाळ्याच्या आत काम होईल, असं त्याला दर खेपेला सांगतात.

मला खाली यायचं नाही, हे ध्यानात घ्या. ज्या पोराने माझ्या अंगावर घाम गाळला, त्याच्या नावावर मला कुणाचा जीव घ्यायचा नाही. पण पाणी माझं मन विचारून आत उतरत नाही.

सी विंगच्या पहिल्या मजल्यावर कालच एक नवीन बिऱ्हाड आलंय. खिडकीला नारिंगी पडदे लागलेत. आत्ता एक बाई गॅलरीत येऊन कपडे वाळत घालतेय. लहान मुलाचा शाळेचा सदरा, एक छोटी चड्डी, मोजे. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आतल्या कुणाला तरी म्हणाली, "हवा किती छान येते इथे."

बाई, मला हाक मारता येत नाही. माझा आवाज निघेल तेव्हा तो ऐकून धावायला वेळ उरलेला नसेल. आज ऊन आहे. दोरीवरचे कपडे ओले असले तरी चालतील. तसेच काढा, पोराला उचला आणि निघा.